होडीच्या इंजिनात कोणते तेल घालावे?

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणी, ठिबक असे विषय वाचता. या अंकात तेलाविषयी, आणि तेही होडीच्या इंजिनाच्या तेलाविषयी लिहिलेले पाहून काहींना नवल वाटेल. पण कारण तसेच घडले आहे.

उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या आपल्या गटांतील काही घरांतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत पर्यटकांना पक्षी दाखवण्यासाठी होड्या घातल्या आहेत. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. कोणाची गावे गेली, कोणाच्या जमिनी गेल्या. त्याच पाण्यावर पुढे आपला ऊस उभा राहिला. आणि आता त्याच पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. उसाचे बिल येईपर्यंत घरात चार पैसे येतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

मात्र अशाच एका होडीचे इंजिन या जानेवारीत भर पाण्यात बंद पडले. त्यात थोडा वाटा आमच्या सल्ल्याचा होता. हे आधी कबूल करतो आणि मग पुढे लिहितो.

झाले काय?

त्याच्या आदल्या वर्षी एक सभासद बांधावर भेटले. म्हणाले, "साहेब, पोरानं होडीला इंजिन घेतलंय. जुनंच हाय, पेट्रोलचं. ट्रॅक्टरचं तेल घरात शिल्लक हाय, तेच घातलं तर चालंल का?" आम्ही मोटारसायकलवरून उतरलोसुद्धा नाही. बसल्या बसल्या सांगून टाकले, "चालतंय की! डिझेलचं तेल भारी असतं, पेट्रोलच्या इंजिनाला काय होतंय?"

मुलाने तेल घातले. दोन हंगाम होडी चालली. डिपस्टिक काढून पाहिली की तेल कमी झालेले दिसत नसे, उलट खुणेच्या जरा वरच दिसे. त्यामुळे मुलगा खूष होता. तेल कमीच होत नाही, मग बदलायचे कशाला?

जानेवारीतल्या त्या दुपारी होडीत तीन मोठी माणसे आणि दोन लेकरे होती. परतताना वारा सुटला, लाटा उठू लागल्या, आणि इंजिन एकदम घरघर करून थांबले. दोरी ओढून ओढून मुलाचे हात सोलले. होडीत वल्हे एकच. सुदैवाने जवळच जाळे लावणारे एक मच्छीमार होते, त्यांनी दोर टाकून होडी काठाला आणली. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते सभासद गट ऑफिसला आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता."

उजनीच्या पाण्याची भीती इकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. तो अपघात वाऱ्याने झाला, तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. पण वारा सुटल्यावर काठ गाठायला इंजिन चालू असावे लागते, आणि इंजिन चालू राहावे म्हणून त्यात योग्य तेल असावे लागते. सबब हा विषय आम्ही गंभीरपणे घेतला.

गोवंडीच्या मिस्त्रींनी काय दाखवले

आमचे मेहुणे मुंबईत गोवंडीला राहतात. ट्रॉम्बेच्या खाडीत जाणाऱ्या होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री त्यांच्या ओळखीचे होते. इंजिन पोत्यात बांधून टेम्पोत टाकले आणि आम्ही, ते सभासद व त्यांचा मुलगा असे तिघे गोवंडीला गेलो.

मिस्त्रींनी इंजिन घोडीवर टांगले आणि आधी खालच्या पंख्याजवळचा, म्हणजे गिअरच्या डब्याचा स्क्रू खोलला. आतून जे बाहेर आले ते तेल नव्हतेच. दुधाचा चहा असावा तसे काही तरी आले. नंतर वरच्या इंजिनाचे तेल भांड्यात काढले. ते पाण्यासारखे पातळ. मिस्त्रींनी बोटावर घेऊन आमच्या नाकाशी धरले. पेट्रोलचा वास!

ते म्हणाले, "तेल वाढलं नाही साहेब, पेट्रोल मिसळलं. तुमचा मुलगा समजला तेल कमी होत नाही. तेल तर कमी झालंच, वरून पेट्रोलनं जागा भरली."

गिअरच्या डब्याचे सील झिजले होते, आत पाणी शिरले होते, बेअरिंग गंजून अडकले होते. त्यामुळे पंखा थांबला आणि पंख्याबरोबर इंजिन थांबले. वरच्या इंजिनातही बेअरिंगवर झिजेच्या रेघा पडल्या होत्या. आम्ही विचारले, "म्हणजे ट्रॅक्टरच्या तेलाने हे झाले?" मिस्त्री म्हणाले, "चुकीचं तेल घातलं हा अर्धा गुन्हा. दोन वर्ष बदललं नाही हा पुरा गुन्हा. आणि खालचं गिअरचं तेल तर कोणी बघितलंच नाही."

मग हात पुसता पुसता म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टर बंद पडला तर तुम्ही उतरून घरी चालत जाता. ह्यात उतरून कुठं जाणार?"

या वाक्यासाठीच हा लेख लिहावा असे वाटले.

तेल एकच दिसते, पण एकच नसते

गोवंडीहून माहूलच्या बाजूला पाहिले की तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. पन्नासच्या दशकात तेथे नंतर एस्सो म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने आणि बर्मा-शेलने कारखाने उभारले. पुढे एस्सो व ल्यूब इंडिया मिळून १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम झाली आणि बर्मा-शेलच्या कारखान्याचे १९७७ पासून भारत पेट्रोलियम असे नाव झाले. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढल्यावर जो जड भाग राहतो त्यापासून वंगणाचे मूळ तेल तयार करतात. या मूळ तेलात निरनिराळी रसायने ठराविक प्रमाणात मिसळली की बाजारातले इंजिन ऑईल होते. काही रसायने काजळी धरून ठेवतात, काही गंज रोखतात, काही फेस होऊ देत नाहीत, काही झीज कमी करतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर १०:२६:२६ हेही खत आणि १९:१९:१९ हेही खत. पण एक जमिनीतून द्यायचे, दुसरे ठिबकातून. दोन्ही पोत्यांवर "खत" लिहिले आहे म्हणून आपण ठिबकाच्या टाकीत १०:२६:२६ ओतत नाही. ट्रॅक्टरचे तेल, मोटारसायकलचे तेल, होडीचे तेल यांचेही तसेच आहे. मूळ तेल सारखे असेल, मसाला वेगळा असतो.

होडीच्या इंजिनाचे काम वेगळे कसे?

तेलाची पाच कामे आहेत. धातूवर धातू घासू न देणे, उष्णता वाहून नेणे, काजळी व मळ धरून ठेवणे, पिस्टन-रिंगांतील फट बुजवणे आणि गंज रोखणे. ही कामे सगळ्याच इंजिनांत असतात. होडीत ती अवघड होतात, त्याची कारणे अशी :

१) सतत ओझे. मोटार सपाट रस्त्याला लागली की तिच्या इंजिनाला उसंत मिळते. होडीला उतार नसतो. पंखा फिरतो तोवर पाणी ढकलायचेच असते. म्हणजे तिचे काम नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरसारखे, पण फेरे मात्र मिनिटाला पाच-सहा हजारांपर्यंत. अशा रगड्यात हलके तेल चिरडून पातळ होते.

२) थंड पाणी. होडीमागे लावायच्या इंजिनाला, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, रेडिएटर नसतो. ते जलाशयातले पाणी ओढून स्वतःला थंड करते. त्यामुळे इंजिन मोटारीच्या मानाने गारच राहते. गार इंजिनात पेट्रोल पुरते जळत नाही, रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळते.

३) सावकाश चाल. पक्षी उडू नयेत म्हणून आपली मुले इंजिन तासन् तास मंद ठेवतात. ते योग्यच आहे, पण पेट्रोल तेलात उतरण्याचे प्रमाण मंद चालीत सर्वांत जास्त असते. त्या मुलाच्या डिपस्टिकवर तेल "वाढले" ते यामुळे.

४) ओल आणि विश्रांती. हंगाम संपला की इंजिन चार-सहा महिने पडून राहते. आत साचलेला ओलावा बेअरिंग आणि सिलिंडरला गंज चढवतो. खाडीत खारे पाणी, म्हणून तेथे हा त्रास अधिक. आपले पाणी गोडे आहे, तरी ओलावा तो ओलावाच.

डब्यावरची भाषा

युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र लिहिलेले असते ते आपण वाचतो. तेलाच्या डब्यावरही असेच लिहिलेले असते, पण आपण फक्त चित्र आणि किंमत पाहतो. डब्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दाटपणा. तो एसएई या अक्षरांपुढे आकड्यात लिहितात. उदाहरणार्थ, १०-डब्ल्यू-३० किंवा २०-डब्ल्यू-४०. काकवी थंडीत घट्ट होते आणि तापवली की पातळ होते, तेलही तसेच. "डब्ल्यू"च्या आधीचा आकडा थंडपणी तेल किती सहज वाहते ते सांगतो. हा आकडा लहान असेल तर सकाळी दोरी ओढताच तेल लवकर वरपर्यंत पोचते. नंतरचा आकडा तेल तापल्यावर किती दाट राहते ते सांगतो. आपल्याकडे समज असा की आकडा मोठा तेवढे तेल भारी. हा समज चुकीचा आहे. आकडा दाटपणाचा आहे, प्रतीचा नाही. ज्या इंजिनाच्या फटी बारीक आहेत त्यात गरजेपेक्षा दाट तेल वेळेवर पोचतच नाही.

दुसरी, प्रत. ती एपीआय या अक्षरांपुढे लिहितात. "एस"ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी, "सी"ने सुरू होणारी डिझेल इंजिनासाठी. पेट्रोलच्या तेलात पुढचे अक्षर जितके पुढचे तितकी प्रत नवी. एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. ट्रॅक्टर-ट्रकच्या डब्यावर सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ असे दिसते. काही डब्यांवर दोन्ही असतात, त्यांचा उपयोग दोन्हीकडे होतो, पण तेवढ्याने ते होडीचे तेल होत नाही.

तिसरी, पाण्यावरच्या कामाची खूण. अमेरिकेतील होडी-उत्पादकांच्या संघटनेने होडीच्या तेलासाठी वेगळ्या कसोट्या ठरवल्या आहेत आणि जगभर त्या मानल्या जातात. चार स्ट्रोक इंजिनासाठी "एफसी-डब्ल्यू" आणि दोन स्ट्रोक इंजिनासाठी "टीसी-डब्ल्यू३" ही खूण डब्यावर असते. एफसी-डब्ल्यू ही कसोटी २००४ पासून आहे. तीत तेल गंज रोखते का, रगड्यात दाटपणा टिकवते का, फेसाळते का आणि ओलाव्याने फिल्टर चोंदवते का, हे तपासतात. मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या तेलाला ही गंजाची परीक्षा द्यावी लागत नाही. आम्ही "भारी" म्हणून सांगितलेल्या तेलात नेमके हेच कमी होते.

कोणत्या इंजिनात कोणते?

इंजिनासोबत आलेली पुस्तिका किंवा इंजिनावरची पट्टी हीच पहिली. खालील माहिती पुस्तिका समजून घेण्यासाठी आहे, तिच्या जागी वापरण्यासाठी नाही.

(अ) चार स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड. यात तेल वेगळ्या चेंबरमध्ये असते आणि डिपस्टिक असते. बहुतेक लहान इंजिनांना एफसी-डब्ल्यू खुणेचे १०-डब्ल्यू-३० तेल सांगितलेले असते, काहींना १०-डब्ल्यू-४०. एफसी-डब्ल्यू मिळत नसेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या एपीआय प्रतीचे आणि त्याच दाटपणाचे तेल घ्यावे, आणि ते लवकर बदलावे.

(आ) दोन स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड. यात डिपस्टिक नसते, तेल पेट्रोलमधून जाते आणि जळते. टीसी-डब्ल्यू३ खुणेचेच घ्यावे. जुन्या स्कूटरचे "टू-टी" तेल घरात असते म्हणून ते ओतू नये. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी केलेले असते. त्याची राख पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात प्लगवर आणि पिस्टनवर बसते. टीसी-डब्ल्यू३ तेल राख न धरणारे असते.

मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. पुस्तिकेत ५० ला १ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. २५ ला १ असेल तर १ लिटरला ४० मिलिलिटर. नव्या इंजिनाला सुरुवातीला बहुधा दुप्पट तेल सांगतात. अंदाजाने "एक झाकण" ओतू नये. औषधाच्या फवारणीसाठी आपण मापाचे भांडे ठेवतो, तसे एक तेलासाठी ठेवावे. दोन्ही कामांना एकच भांडे मात्र नको.

(इ) डिझेल इंजिनाची लाँच. येथे "सी" अक्षराचे तेल हवे. आताच्या इंजिनांना सर्वसाधारणपणे १५-डब्ल्यू-४० सांगतात. जुन्या, सावकाश फिरणाऱ्या एक-सिलिंडर इंजिनांना नुसते ३० किंवा ४० नंबरचे तेल सांगितलेले असते. पुस्तिकेत जे असेल तेच ठेवावे.

(ई) गिअरचा डबा. आउटबोर्डच्या खालच्या भागात पंख्याजवळ वेगळे तेल असते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ते इंजिन ऑईल नव्हे, होडीसाठीचे गिअर ऑईल असते, बहुधा ९० नंबरचे. ते खालच्या भोकातून भरतात. वरचा स्क्रूही काढून ठेवायचा आणि वरच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले की भरले असे समजायचे. वरून ओतले तर मध्ये हवा अडकते. स्क्रूखालचे वॉशर दर वेळी नवे टाकावे. चार पैशांच्या वॉशरमधून पाणी आत जाते आणि गिअर जातो.

बदलायचे केव्हा?

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत नव्या इंजिनाचे पहिले तेल १० ते २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, बदला असे असते. आपली मुले त्यातले "वर्षाने" तेवढे लक्षात ठेवतात. परंतु हिशेब करा. होडी रोज ३ तास चालली तर ३३ दिवसांत १०० तास भरतात. हंगामात १२० दिवस चालली तर ३६० तास होतात. म्हणजे एका हंगामात तीन वेळा तेल बदलायला हवे आणि हंगाम संपताना पुन्हा एकदा. त्या मुलाने दोन हंगामांत एकदाही बदलले नव्हते.

लहान इंजिनात तेल मावते सुमारे एक लिटर. म्हणजे हंगामाला चार लिटर. होडीवरच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. घरच्या डब्यातले शिल्लक तेल घालून जे वाचले ते गोवंडीच्या टेम्पोच्या भाड्यालासुद्धा पुरले नाही.

शेवटचा बदल हंगाम संपताना करावा, पुढचा हंगाम सुरू होताना नव्हे. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ल साचलेले असते. ते तसेच ठेवून इंजिन पावसाळाभर झाकून ठेवले तर आतून खाल्ले जाते. नवे तेल घालून, इंजिन थोडे चालवून मग ठेवावे. काढतानाही तेल कोमट असताना काढावे, मळ त्याच्याबरोबर निघून येतो. फिल्टर असेल तर पुस्तिकेप्रमाणे तोही बदलावा.

ओळखण्याच्या खुणा

रोज सकाळी पाणी शांत असताना, इंजिन उभे धरून डिपस्टिक पाहावी.

— तेल खुणेच्या खाली : त्याच दाटपणाचे व प्रतीचे भरावे. भर पाण्यात अगदीच कमी पडले तर जवळ असेल ते चार स्ट्रोकचे तेल घालून काठ गाठावा, पण काठावर आल्यावर सगळे बदलावे.

— तेल खुणेच्या वर, पातळ, पेट्रोलचा वास : तेल बदलावे. मंद चालीचा फेरा संपला की परतताना, पक्ष्यांपासून दूर आल्यावर, दहा-पंधरा मिनिटे इंजिन योग्य वेगाने चालवावे. तेल तापले की त्यातले बरेचसे पेट्रोल उडून जाते. इंजिन गार राहावे म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने हा त्रास वाढतो, म्हणून ते काढू नये.

— तेल दुधाळ : पाणी शिरले आहे. इंजिनात असो वा गिअरमध्ये, होडी पाण्यात घालू नये. नुसते तेल बदलून भागत नाही, सील किंवा गॅस्केट बघावे लागते.

— तेल काळे : नुसत्या काळेपणाला घाबरू नये. काजळी तेलाने धरून ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ. बदल तासांवर करावा, रंगावर नव्हे.

— बोटाला कचकच किंवा चमकी : धातू झिजतो आहे. मिस्त्रीला दाखवावे.

तेल विकत घेताना सुटे घेऊ नये. बंद डबा, न तुटलेले सील आणि पक्के बिल पाहावे. जुन्या डब्यात भेसळीचे तेल भरून विकणारे असतात. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जात नाही.

पाणी आपलेच आहे

काढलेले तेल पाण्यात, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते, काठची गावे पितात आणि आपला ऊसही पितो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे. दोन स्ट्रोक आउटबोर्डचा धूर पाण्यातच सुटतो आणि त्याबरोबर न जळलेले पेट्रोल व तेलही जाते. म्हणून नवे इंजिन घ्यायचे असेल तर पक्ष्यांच्या जागी चार स्ट्रोकच घ्यावे असे आम्हाला वाटते. ज्या पक्ष्यांवर धंदा आहे त्यांच्याच पाण्यावर तेलाचा तवंग बरा दिसत नाही.

होडी नसलेल्या सभासदांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांची होडी नाही, पण डिझेल पंप आहे, ट्रॅक्टर आहे, फवारणीचा पंप आहे. नियम तोच. पुस्तिका वाचा, दाटपणा पाहा, प्रत पाहा, तास मोजा. पाठीवरच्या दोन स्ट्रोक फवारणी पंपाला हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे टू-टी तेल लागते, होडीचे नव्हे. पाण्यात बुडालेल्या ब्रेकसारखे तेलात बुडालेले ब्रेक ज्या ट्रॅक्टरना असतात, त्यांच्या गिअरचे तेल वेगळे असते. तेथे साधे गिअर ऑईल घातले तर ब्रेक धरत नाही. एकाचे तेल दुसऱ्याला चालेल की नाही हे बांधावर मोटारसायकलवर बसून सांगता येत नाही, हा धडा आम्ही घेतला आहे.

शेवटी

गोवंडीहून इंजिन दुरुस्त होऊन आले. नवे सील, नवे बेअरिंग, एफसी-डब्ल्यू खुणेचे तेल. मुलाने होडीत एक वही बांधून ठेवली आहे. इंजिन किती तास चालले ते रोज लिहितो. होडीत आता दोन वल्ही आहेत आणि जेवढी माणसे तेवढी जॅकेटे आहेत. जॅकेट अंगात घातल्याशिवाय तो होडी सोडत नाही. परवा त्याचे वडील भेटले. म्हणाले, "साहेब, आता तेलाचं तुम्हाला विचारत न्हाई, पुस्तक वाचतो." आम्हाला त्याचा राग आला नाही.

ज्या सभासदांच्या घरी होडीचे इंजिन आहे त्यांनी पुस्तिका घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. पुस्तिका इंग्रजीत असेल तर आमचे चिटबॉय व शेतकी खात्याचे कर्मचारी ती वाचून तेलाचा दाटपणा, प्रत आणि बदलाचे तास एका कार्डावर मराठीत लिहून देतील. पुस्तिका हरवली असेल तर इंजिनावरच्या पट्टीवरील मॉडेलचा नंबर लिहून आणावा. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी एवढे काम प्रत्येकाने करावे, ही नम्र विनंती.